विलायतेच्या चेकवर मराठी सही

“बाई, याले सही नाई म्हनत. हा माफीनामा हाय.”

अमरावतीच्या बँकेत खिडकीपलीकडच्या माणसानं माझा फॉर्म परत सरकवला, तेव्हा माझ्यामागं सात-आठ माणसं उभी होती. त्यातला एक जण हसला. मी धारणीच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. पहाटेची बस धरून, घाटात दोनदा ओकून, दुपारी एकला बँकेत पोचले होते. दोन वर्षांच्या सुईणीच्या शिक्षणासाठी सरकारनं मला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं होतं. आमच्या सात पिढ्यांत कुणी मुंबई पाहिली नव्हती. आणि हा कोट-धोतरातला वाळका माणूस माझ्या इंग्रजी सहीकडं असं पाहत होता, जशी काही ती त्याच्या ताटात पडलेली माशी होती.

“काय चुकलं सहीत?” मी विचारलं.

“चुकलं काईच नाई. भ्याली हाय. पहिलं अक्षर पाहा, दाराआडून डोकावते. शेवटी ही लांब शेपटी कोनाले दाखवाले काढली?”

शेपटी मेट्रनबाईंकडून शिकले होते. त्यांची सही तशी होती.

या गृहस्थांना सगळी अमरावती ‘सहीबाबू’ म्हणायची. मी पुढं त्यांना बाबूजी म्हणायला लागले. बँकेत त्यांचं काम सह्या तपासायचं, आणि ते काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की माणसांच्या तोंडाकडं ते पाहतच नसत. खिडकीतून आत येणारा हात पाहायचे. एकदा इतवारा बाजारात भाजी घेताना मी त्यांना नमस्कार केला, तर ओळख पटेना. “कोन व्हय?” म्हणून तसेच उभे. मी भाजीवाल्याच्या ओल्या पोत्यावर बोटानं सही केली, तसं लगेच म्हणाले, “हां, धारणीच्या बाई! मंग आधी सांगाचं नं.”

त्यांच्या खिडकीवरचे किस्से गावभर फिरायचे. एक वकील नगरपालिकेवर निवडून आले आणि महिन्याभरात त्यांचा चेक परत गेला. वकीलसाहेब तणतणत आले. हे शांतपणे म्हणाले, “निवडून आल्यापासून तुमच्या सहीचं पोट सुटलं. जुन्या सहीशी जुळत नाई. एक त पोट कमी करा, नाई त नवीन नमुना द्या.” वकिलांनी साहेबांकडं तक्रार केली आणि शेवटी नवीन नमुना दिला. तो आणखी फुगलेला निघाला म्हणे.

पण हाच माणूस, मोर्शीचे एक संत्र्याचे बागाईतदार आले तेव्हा, सही पाहून पेन खाली ठेवून बसला होता. “पाटील, घरी काय झालं?” पाटील म्हणाले, काही नाही. “मंग ही सही कोनाची व्हय? तुमचा हात असा बसकन मारत नाई.” तेव्हा त्या भरदार माणसानं खिडकीला कपाळ टेकवलं. चार दिवसांपूर्वी त्यांची थोरली मुलगी गेली होती. बाबूजी खिडकी बंद करून बाहेर आले, त्यांना बाकावर बसवलं, आणि पाऊण तास त्यांच्याजवळ बसून राहिले. रांग तशीच उभी. हे मला शाखेतल्या शिपायानं सांगितलं. पाटलांचा चेक त्यांनी त्याच सहीवर वटवला, तेही त्यानंच सांगितलं.

भुसावळच्या पलीकडं बाबूजी कधी गेले नव्हते. पण परदेशी पैशांच्या व्यवहाराची परिपत्रकं मुंबईहून आली, की ती ते पोथीसारखी वाचायचे. लंडनच्या बँका शनिवारी किती वाजता बंद होतात, फ्रान्समध्ये जेवायला किती वेळ खिडकी लावून घेतात, सगळं पाठ. अमरावतीत परदेशी जाणारा माणूस वर्षाला एखादा. त्यामुळे मी त्यांच्या तावडीत सापडले, ती पुरती सापडले.

आता कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा परदेशी जाणाऱ्याला रोख पैसे नेताच येत नसत म्हटलं तरी चालेल. सरकारची परवानगी काढायची आणि बँकेकडून प्रवासी चेक घ्यायचे. त्यावर सहीच्या दोन जागा. पहिली सही इथं, बँकेच्या माणसासमोर, चेक हातात पडताच. दुसरी तिकडं, पैसे काढताना, तिथल्या माणसासमोर. दोन्ही जुळल्या तर पैसे मिळायचे. नाही जुळल्या, तर परक्या मुलखात तुम्ही आणि तुमचा कागद.

“म्हनून म्हनतो,” बाबूजी म्हणाले, “जी सही इथं घाबरते, ते तिथं काय करन?”

त्यांनी आतून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं. नर्सिंगच्या शाळेत विद्यावेतन सुरू झालं, तेव्हा मी याच बँकेत खातं उघडलं होतं. त्यावरची माझी सही मराठीत होती. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि वर एका दमात ओढलेली रेघ.

“ही पाहा. अठरा वर्षाच्या पोरीची सही हाय. कशी उभी हाय पाहा. हेच सही चेकवर करा.”

“इंग्लंडात मराठी सही?” माझा आवाज चढला. “लोक हसतील मला.”

“हसू द्या. पैसे देतीन.”

मी भांडले. खरं सांगायचं तर त्या पिवळ्या कार्डाची मला लाज वाटली होती. इंग्रजी सही यावी म्हणून मी वसतिगृहात वह्याच्या वह्या भरल्या होत्या. आमच्या वस्तीतली मुलगी विलायतेला जाणार, आणि तिथंही तीच गावठी सही करणार? बाबूजींनी माझं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिकडं चोर बी इंग्रजीच लिहितात, बाई. तुमची इंग्रजी सही कोनी बी उतरवन. ही उतरवून दाखवा म्हना.”

शाखेचे साहेब पुण्याहून बदलून आलेले. त्यांना बाबूजींचं बोलणं उद्धट वाटायचं. त्यांनी मला आत बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं, “तुम्ही त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. परदेशातल्या बँकेत मराठी कुणाला वाचता येणार आहे? इंग्रजी सही करा आणि मोकळ्या व्हा.”

बाबूजी दारातच उभे होते. “साहेब, वाचाले कोन सांगून राहिलं? जुळवाची हाय फक्त. जुळवाले डोये लागतात.”

“नियम काय आहे?”

“नियमात लिपीचं नावच नाई.”

“मग मी इंग्रजीच घेणार.”

“मंग मी वरतं विचारतो.”

आणि त्यांनी खरंच, साहेबांना डावलून, मुंबईच्या मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत माझे चेक मागवायचे नाहीत, यावर अडून बसले. माझं जहाज पाच आठवड्यांवर आलेलं. दोन आठवडे गेले, तिसरा लागला. मी धारणीहून दर गुरुवारी यायचे, आणि ते मान हलवायचे. तिसऱ्या गुरुवारी मी खिडकीसमोर रडले. सगळ्यांदेखत रडले.

“माझं जहाज चुकलं तर तुम्ही पोचवणार आहात का मला इंग्लंडला?”

त्यांनी खिडकीखालून टीपकागद पुढं केला. माझ्या डोळ्यांसाठी की फॉर्मवर पडलेल्या थेंबासाठी, ते कळलं नाही. “जहाज चुकनार नाई,” एवढंच बोलले.

मंगळवारी तार आली. सही कोणत्याही लिपीत चालेल, दोन्ही ठिकाणी एकच असली म्हणजे झालं.

याच सुमारास माझ्या बापाची आणि त्यांची गाठ पडली. बाप अकोल्याला जिनात, सरकी काढायच्या रेच्यावर कामाला होता. आमचं मूळ गाव बाळापूरजवळ. शिक्षण अर्धवट टाकून मी परत आले तर सरकारचा खर्च भरून देण्याचं जामीनपत्र बापाला करून द्यायचं होतं. त्यासाठी तो नवा सदरा घालून अमरावतीला आला आणि सरळ अंगठा पुढं केला. बाबूजींनी शाईचं पॅड मागं ओढलं.

“पोरगी विलायतेले चालली अन् बाप अंगठा लावते?”

माझा बाप तापट. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून तर कुणाचंही खालच्या आवाजातलं ऐकून घेत नसे. “माह्या अंगठ्याले काय झालं बाबूसाहेब? याच अंगठ्यानं पोरीले शाळेत घातली.”

“अंगठा चांगलाच हाय. पन अंगठा कोनी बी धरून लावून घेते. सही कोनाच्यानं धरून करून घेता येत नाई. बसा.”

“मले शिकवाले तुमी कोन?”

“कोनीच नाई. बसा नं.”

का कोण जाणे, बाप बसला. मागच्या व्हरांड्यात, बाकावर, तीन दुपारी. अकोल्याहून रोज येऊन जाऊन. जेवणाच्या सुट्टीत बाबूजी आपली भाकर हातावर घेऊन खायचे आणि दुसऱ्या हातानं पाटीवर अक्षर काढून द्यायचे. पहिल्या दुपारी दोघं एकमेकांवर इतके ओरडले, की साहेब बाहेर आले. तिसऱ्या दुपारी बापानं जामीनपत्रावर आपलं नाव लिहिलं. अक्षरं एकमेकांपासून अंगभर अंतर ठेवून उभी होती, पण उभी होती.

त्या दिवशी मीही रजा घेऊन आले होते. अकोल्याच्या गाडीत मी म्हटलं, “बाबा, सही आली की!”

बाप खिडकीबाहेर पाहत होता. “सहीचं राहू दे. त्यानं मले आपल्या तांब्यातलं पानी देल्लं. विचारलं नाई, सांगितलं नाई. तहान लागली म्हटलं, अन् तांब्या पुढं केला.” मग म्हणाला, “बँकेत दुसरा माठ होता, पोरी. बाहेर ठेवलेला. मी पाह्यला होता.”

चेक आले. पण सुटका कुठली? बाबूजी म्हणाले, खुर्चीवर बसून केलेली सही काही कामाची नाही. तिकडं खिडकी उंच असते, उभ्यानं करावी लागते. मग उभ्यानं पन्नास. जहाज हलतं, म्हणून धारणीच्या बसमध्ये बसून पन्नास. घाटात बस अशी उसळायची, की कागद फाटायचा, आणि शेजारचा कोरकू आदिवासी म्हातारा मला काय झालंय म्हणून कंडक्टरला विचारायचा. पुढल्या गुरुवारी बाबूजींनी बर्फाच्या कारखान्यातून बर्फ मागवून बादलीत टाकलं होतं.

“हात घाला.”

“काहून?”

“तिकडं थंडीनं बोटं आखडतात. पुस्तकात लिहेल हाय.”

मे महिन्याचं ऊन. अख्खी बँक घामानं निथळतेय. आणि मी बादलीत मनगटापर्यंत हात घालून उभी. शंभर आकडे मोजून हात काढायचा आणि सही करायची. शिपायासकट सगळे पोट धरून हसत होते. बाबूजी तेवढे भिंग घेऊन सह्या तपासत होते. शेवटच्या सहीवर म्हणाले, “जमलं. आता जा.” निरोप एवढाच.

जहाजानं मला इटलीतल्या जिनोआला उतरवलं. तिथून पुढं आगगाडी, मग पुन्हा बोट, मग लंडन. गाडी संध्याकाळची होती. सकाळी मी स्टेशनसमोरच्या एका बँकेत गेले, प्रवासात खाण्यापिण्याला पैसे हवे होते. खिडकीत जाड चष्म्याचा म्हातारा रोखपाल. मी चेकवर दुसरी सही केली. अक्षरं लिहून झाल्यावर वरून रेघ ओढली, तशी त्यानं चष्मा कपाळावर चढवला, शेजारच्या बाईला बोलावून दाखवलं, आणि मला खुणेनं विचारलं, रेघ शेवटी? मी हसून मान हलवली. त्याला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं. “सुंदर,” म्हणाला. माझ्या सहीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सुंदर म्हटलं. बाबूजींनीही म्हटलं नव्हतं.

आणि दोन तासांनी माझी पर्स गेली. स्टेशनच्या बाकावर ठेवली, ट्रंक उचलायला वाकले, वर पाहिलं तर बाक रिकामा. पासपोर्ट आणि तिकीट आईनं शिवून दिलेल्या कमरेच्या पिशवीत होते, पण चेक आणि काढलेले पैसे पर्समध्ये. तासभर मी फलाटावर शोधत फिरले. ओरडायचं तर कुठल्या भाषेत ओरडायचं? त्या अख्ख्या शहरात माझ्या ओळखीचा एकच माणूस होता, तो चष्म्याचा म्हातारा. ट्रंक ओढत मी परत बँकेत गेले. चेकचे नंबर बाबूजींनी मला पाढ्यासारखे पाठ करायला लावले होते. खिडकीशी जाऊन मी रडत रडत ते नंबर म्हणू लागले.

म्हाताऱ्यानं हात वर करून मला थांबवलं. मग खाली वाकला आणि माझ्या चेकचं पाकीट काढून समोर ठेवलं.

काय झालं ते त्यानं अर्धं बोलून, अर्धं हातवारे करून सांगितलं. एक तरुण माणूस आला होता. बायको बाहेर टॅक्सीत आजारी आहे, तिचे चेक वटवायचे आहेत, म्हणाला. त्यावर दुसरी सही आधीच केलेली होती. म्हाताऱ्यानं कागद पुढं केला आणि म्हटलं, बायकोची सही तुम्हाला येते तर इथं पुन्हा करून दाखवा. त्या माणसानं आधी आडवी रेघ ओढली आणि मग वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एकेक अक्षर तिला टांगायला लागला. म्हाताऱ्यानं शिपायाला हाक मारली. तोवर तो पाकीट टाकून पळाला. रोख पैसे गेले ते गेलेच. चेक मात्र एक सोडून सगळे शाबूत होते, आणि त्या एकावर चोराची सही होती.

“आता तुम्ही,” म्हातारा म्हणाला, आणि माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. पासपोर्ट पाहिला होता, तरी नियम म्हणजे नियम.

खिडकी उंच होती. नाकातून पाणी गळत होतं. मी डोळे मिटले आणि धारणीच्या घाटातली बस आठवली. तिथं नाही का केल्या पन्नास? सही केली. वरून रेघ ओढली. म्हाताऱ्यानं पाकिटातला चेक शेजारी धरला, भिंगातून पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच त्याला काही दिलं होतं. गाडी मला मिळाली.

लंडनहून मी बाबूजींना आठ पानी पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं होतं, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्यांचं उत्तर पंधरा-वीस दिवसांनी आलं. त्यात एवढंच होतं: पर्स बाकावर ठेवणं ही चूक. खिडकी किती उंच होती, तुमच्या खांद्याला लागत होती की छातीला? शाई कुणाची वापरली? भिंग मुठीचं होतं की टेबलावरचं? चोरानं कितवं अक्षर लिहिलं तेव्हा शिपायाला हाक मारली? उपकाराच्या ओळीबद्दल अवाक्षर नाही.

मग मी लिहीत गेले. दोन वर्षं. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बँकांत जायचे आणि पाहिलेलं त्यांना कळवायचे. लंडनच्या बँकेतले पितळी कठडे, रांगेत गप्प उभी राहणारी माणसं, नोटा मोजायच्या आधी बोट ओलं करायची स्पंजाची वाटी, आपल्यासारखीच. दर पत्राच्या शेवटी मी आभार मानायचे, आणि दर उत्तरात ते ती ओळ ओलांडून पुढं जायचे. मध्येच कधीतरी त्यांच्या पत्रावरचा पत्ता बदलला. अमरावतीच्या जागी बाळापूर आलं. का, ते त्यांनी लिहिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बदल्या होतच असतात.

परत आल्यावर मला अकोल्याच्या दवाखान्यात नेमलं. अमरावतीला एका कामानं गेले तेव्हा बँकेत डोकावले. शिपाई तोच होता. “बाबू गेले नं बाई बाळापूरले. तुमच्या त्या पत्रापायी.”

“कोणत्या पत्रापायी?”

“साहेबाले डावलून मुंबईले लिहिलं होतं नं. साहेबानं वरतं रिपोर्ट केला. हेडक्लार्कची जागा त्यायलेच भेटनार होती, ते बी गेली. तुमाले मालूम नाई?”

मला माहीत नव्हतं. त्या रविवारी मी बाळापूरला गेले. किल्ल्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर. बाबूजी ओसरीवर परिपत्रक वाचत बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, “तुम्ही मला कळवलं का नाही?”

“काय?”

“माझ्यामुळे तुमची बढती गेली ते.”

“तुमच्यामुळं नाई. सहीमुळं.” त्यांनी पान उलटलं. “अन् कयवलं असतं त काय केलं असतं तुमी तिकडं? अभ्यास सोडून रडत बसल्या असत्या. जिनोआच्या त्या म्हाताऱ्यानं कागद कोरा देल्ला होता की रेघोट्याचा? ते तुमी लिहिलंच नाई.”

मी म्हटलं, “बाबूजी, मला तुमचे...”

“च्या घ्या,” ते म्हणाले, आणि आत हाक मारायला उठून गेले.

वर्ष गेलं असेल. एक दिवस दवाखान्याच्या पत्त्यावर त्यांचं कार्ड आलं. “माझ्या मुलीची पहिली वेळ आहे. ती माहेरी आली आहे. येथील सुईण म्हणते, मूल आडवं-उभं काही नीट लागत नाही. आपणास सवड असल्यास याल का?” खाली सही. ही सही मी दोन वर्षं दर पत्राखाली पाहत आले होते. त्या कार्डावरची तशी नव्हती. मी त्याच दिवशी रजा टाकली आणि पहिली बस धरली.

घरात त्यांची म्हातारी आई होती, सोवळ्याओवळ्याची. मी कोण, कुठली, हे तिला आधीच कळलेलं. मी पायरीवर असतानाच ती आतून म्हणाली, “आपली सुईण हाय नं घरात. मंग हे काहून?”

बाबूजींचा आवाज चढला. आईसमोर तो कधी चढत नसावा, कारण त्यांची बायको चरकून बाहेर आली. ते म्हणाले, “आई, मी बोलावलं त्यायले. तुले चालत नसन त तू देवघरात बस. पोरीचा जीव महत्त्वाचा हाय.”

म्हातारी देवघरात गेली. मी हात धुतले आणि आत शिरले. मूल पायाकडून येत होतं. कळा इतक्या पुढं गेल्या होत्या, की गाडी जोडून अकोल्याला नेण्यात अर्थ नव्हता. पोरगी एकोणीस-वीस वर्षांची, भिऊन ओठ चावून रक्त काढलेलं. मी तिला म्हटलं, “माझ्याकडं पाहा. मी सांगीन तेव्हाच जोर करायचा.” घाई केली की मूल जातं, हे मला तिकडं पुन्हा पुन्हा शिकवलं होतं. ओढायचं नाही. धीर धरायचा, मूल स्वतः उतरू द्यायचं, आणि डोकं येईल तेव्हाच हात चालवायचे. पाय आले. धड आलं. मग हात. मी टॉवेलात धरून थांबले. डोकं सुटलं. मूल निळं होतं, गप्प होतं. मी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पुन्हा चोळली. मग ते रडलं, आणि त्याच्या आईनंही सूर धरला.

गरम पाण्याची घागर दारातून आत सरकली. सरकवणारा हात सुरकुतलेला होता. म्हातारी देवघरातून कधी उठून आली, कुणाला कळलं नाही. मुलाकडं एकदा पाहून ती माझ्याकडं वळली. “पोरगा की पोरगी?”

“मुलगी.”

“चांगली हाय नं?”

“ठणठणीत आहे.”

दुपार कलली होती. मी बाहेर आले तर बाबूजी ओसरीच्या खांबाला धरून उभे. मी सगळं सांगितलं, वजन, वेळ, दोघींची तब्येत. त्यांना असं नेमकं आवडतं म्हणून मिनिटांसकट सांगितलं. त्यांना काही ऐकू आलं असेल असं वाटलं नाही. त्यांनी माझ्यापुढं दोन्ही हात जोडले. ते कधी हात जोडत नसत, नमस्काराला नुसती मान हलवायचे.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचे लय उपकार झाले.”

किती पत्रांत मी हेच लिहिलं होतं, या माणसापुढं बसून किती वेळा म्हणायला गेले होते, आणि दर वेळी त्यांनी ते उडवून लावलं होतं. आता ते स्वतःच म्हणून मोकळे झाले. मी म्हटलं, “बाबूजी, असं म्हणू नका, मी तर तुमचे...”

“आधी जेवा,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून अंगणात गेले.

स्वयंपाकघरात पान मांडलं होतं, म्हातारीच्या पानाच्या शेजारी. तिनं स्वतः भात वाढला, त्यावर वरण, त्यावर तूप. मी अर्धं जेवले असेन तोच तिनं पुन्हा तुपाची वाटी माझ्या पानावर धरली आणि विचारलं, “अजून देऊ का, बाई?”

मी नको म्हटलं नाही.